हंगाम, उचल आणि परतीची वाट: ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरची शेतमजुरी

  मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे लढाया आणि किल्ले हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र आपण शेतमजुरीच्या इतिहासाकडे वळणार आहोत, आणि तोही ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या शेतमजुरीच्या.

हा विषय का, ते आधी सांगतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात व्यापार करार झाला आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला तो लागू झाला. त्या करारात एक लहानसं कलम होतं. दरवर्षी १,००० भारतीय तरुणांना ऑस्ट्रेलियात वर्षभर राहता येईल, फिरता येईल आणि फिरता फिरता काम करून खर्च भागवता येईल. वय १८ ते ३०. त्याला 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा म्हणतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची पहिली सोडत निघाली. नोंदणी फी होती २५ डॉलर. जागा १,००० आणि पहिल्या दोन आठवड्यांत अर्ज आले सुमारे ४०,०००.

त्या अर्जांत आमच्या गल्लीतल्या एका मुलाचाही अर्ज होता. मुलगा इंजिनिअर. आजोबा भंडारा जिल्ह्यातले, भातशेती सोडून स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले होते. वडीलही प्लांटमध्येच. मुलाचा नंबर लागला नाही, पुढच्या वेळी पुन्हा भरीन म्हणतो. पण घरात वाद पेटला तो पेटलाच. वडिलांचं म्हणणं असं, की आमच्या बापाने चिखल तुडवायला लागू नये म्हणून गाव सोडलं आणि हा बी. ई. होऊन परक्याच्या शेतात स्ट्रॉबेरी तोडायला निघालाय. मुलाचं म्हणणं, बाबा, तिकडे याला कुणी कमी लेखत नाही, शिवाय पैसे बघा. दोघंही माझ्याकडे आले. मी म्हटलं, आधी त्या किनाऱ्यावर आजवर फळं कोणी तोडली आणि ऊस कोणी कापला ते बघू. मग ठरवा.

तर आजचा भाग त्या बापलेकांसाठी आहे, आणि तुमच्या घरात असा वाद असेल तर तुमच्यासाठीही.

इतिहास मोजायला फूटपट्टी लागते. ती आपल्याच एका माणसाने देऊन ठेवली आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. १९१२ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ठराव मांडला, की हिंदुस्थानातून मजुरांना करार करून परदेशी पाठवण्याची पद्धत बंद करा. त्यांचा युक्तिवाद नीट समजून घ्या. परदेशी मजुरीला जाणं वाईट, असा त्यांचा मुद्दा नव्हता. त्यांनी कराराच्या अटींवर बोट ठेवलं. मजुराला कुठे जायचं, कसलं काम, कुठला कायदा लागू होणार हे धड सांगितलेलं नसतं. जो मालक वाट्याला येईल त्याच्याकडेच राहावं लागतं. आणि काम सोडलं तर तो साधा करारभंग ठरत नाही, गुन्हा ठरतो. थेट तुरुंग. सरकारी सदस्यांच्या बहुमतामुळे ठराव त्या दिवशी पडला. पण चार वर्षांनी, १९१६ मध्ये, पंडित मालवीयांनी तोच विषय पुन्हा आणला तेव्हा सरकारला मान तुकवावी लागली. १९१७ मध्ये भरती थांबली आणि १९२० उजाडता फिजीतले उरलेले करारही रद्द झाले. गोखले मात्र ते बघायला नव्हते. १९१५ मध्येच गेले.

गोखल्यांच्या त्या भाषणातून मी दोन प्रश्न घेतो. पहिला, कामाला जाताना माणसाला अटी ठाऊक होत्या का? दुसरा, मालक पटला नाही तर त्याला सोडता येत होतं का? तिसरा प्रश्न माझा, फौजेतला. आम्हाला शिकवलेलं असतं की पुढे सरकण्याआधी मागे यायची वाट बघून ठेवा. म्हणून तिसरा प्रश्न असा: परतीची वाट कोणाच्या हातात होती? हे तीन प्रश्न हाताशी ठेवा. आता किनाऱ्यावर जाऊ.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा. उत्तरेला क्वीन्सलंड प्रांत, त्याखाली न्यू साउथ वेल्स. क्वीन्सलंडचा उत्तर भाग म्हणजे उष्ण कटिबंध, आपल्या कोकणासारखा दमट. टली आणि इनिसफेलच्या आसपास केळी आणि ऊस. खाली बोवेन, तिथे टोमॅटो, ढोबळी मिरची आणि आंबा. त्याखाली मकाय आणि बंडाबर्ग, उसाचे जुने बालेकिल्ले. ब्रिस्बेनजवळ कबुल्चर, स्ट्रॉबेरीचं. आणि न्यू साउथ वेल्समध्ये कॉफ्स हार्बर आणि वुलगुल्गा, आधी केळीचे, आता ब्लूबेरीचे.

बोवेनच्या आंब्याची एक गोष्ट सांगतो. तिथे ज्याला बोवेन किंवा केन्सिंग्टन प्राइड म्हणतात तो आंबा मूळचा हिंदुस्थानातला, असं मानलं जातं. १८८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे ब्रिटिश फौजेसाठी घोडे यायचे. न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्यांना 'वेलर' म्हणत. घोडदळाच्या इतिहासात त्यांचं नाव पानोपानी येतं. ते घोडे उतरवून परत जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी सोबत आंब्याच्या कोयी नेल्या आणि त्या बोवेनला रुजल्या. म्हणजे आपल्या मुलाला उद्या बोवेनला काम मिळालंच, तर तो आपल्याच आंब्याची तोडणी करेल.

आता पहिला टप्पा. साल १८६३. रॉबर्ट टाउन्स नावाच्या व्यापाऱ्याने ब्रिस्बेनजवळच्या आपल्या कापसाच्या मळ्यासाठी पॅसिफिकमधल्या बेटांवरून ६७ माणसं जहाजाने आणली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, कापसाला भाव होता. कापूस लवकरच मागे पडला आणि ऊस आला. १८६३ ते १९०४ या काळात अशी सुमारे ६२,००० माणसं क्वीन्सलंडला आणली गेली. बहुतेक आज ज्याला वानुआतू म्हणतात तिथली आणि सॉलोमन बेटांवरची. करार ३ वर्षांचा. पगार वर्षाला ६ पौंड, वर जेवण आणि परतीचं भाडं. सुरुवातीच्या काळात कित्येकांना फसवून किंवा सरळ पळवून आणलं. त्या धंद्याला 'ब्लॅकबर्डिंग' असं नावच पडलं. पुढे कायदे झाले, जहाजावर सरकारी निरीक्षक आले. काहीजण तर स्वतःहून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही आले, हेही खरं. पण मळ्यावरचे हाल आणि ज्या रोगांची त्यांच्या शरीराला सवय नव्हती ते रोग, यांत सुमारे १५,००० माणसं मेली असा अंदाज आहे. म्हणजे जवळपास चारातला एक. बंडाबर्गच्या आसपास शेतांतून वेचलेल्या काळ्या दगडांच्या भिंती आजही उभ्या आहेत. त्या या बेटवासीयांनी रचल्या आहेत.

शेवट तर आणखी कडू. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया एक राष्ट्र झालं आणि पहिल्याच वर्षी 'गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया' घडवण्याचे कायदे झाले. एका कायद्याने बेटांवरून मजूर आणणं १९०४ पासून बंद केलं आणि १९०६ नंतर उरलेल्यांना परत पाठवायचं ठरवलं. काहींची तिथे लग्नं झाली होती, मुलं झाली होती. काहींना थांबू दिलं, हजारोंना पाठवून दिलं. या पाठवणीच्या खर्चात मेलेल्या मजुरांचा सरकारकडे पडून राहिलेला पगारही वापरला गेला.

आपली फूटपट्टी लावा. अटी ठाऊक होत्या? सुरुवातीला मुळीच नाही. मालक सोडता येत होता? नाही. परतीची वाट? आधी मालकाच्या हातात, शेवटी सरकारच्या हातात. राहायचं होतं तेव्हा हाकललं.

याच वेळी समुद्रापलीकडे आपली माणसं काय करत होती? क्वीन्सलंडमध्ये साखरेचा धंदा करणारी एक मोठी कंपनी होती, कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी. तीच फिजीतही साखर काढायची. फिजीत १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६०,००० हिंदुस्थानी करारावर गेले. त्यात थोडे आपल्या मध्य प्रांतातलेही होते. आकडे शेजारी ठेवून बघा. इकडे ६२,००० बेटवासी, तिकडे ६०,००० हिंदुस्थानी. पीक एक, पद्धत एक. आणि त्याच्याही आधी, १८३४ पासून, मॉरिशसच्या उसात मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि सातारा भागातली मराठी माणसं गेली. ५ वर्षांचा करार, महिना ५ रुपये. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये गणपती बसवतात. तेव्हा उसाच्या या इतिहासात मराठी माणूस बघ्या नव्हता. तो त्यात कोयता घेऊन उभा होता.

दुसरा टप्पा. बेटवासी गेले, मग ऊस कोणी कापायचा? सरकारने गोऱ्या मजुरांच्या हातून काढलेल्या साखरेला जास्तीचे पैसे दिले. युरोपातून, विशेषतः इटलीतून माणसं आली. मजुरी वाढली, कारण हे मजूर मतदार होते आणि त्यांची युनियन होती. ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियन. १९३० च्या दशकात इंगम आणि इनिसफेलकडे ऊस कापणाऱ्यांना उंदरांच्या मुतातून पसरणारा वाइल्स रोग होऊ लागला. आपल्याकडे त्याला लेप्टो म्हणतात. मजूर म्हणाले, आधी फड पेटवा, उंदीर पळू द्या, मग आम्ही कापू. मालक नाही म्हणाले. मजुरांनी संप केले आणि फड पेटवून मग ऊस कापायची रीत पडली. ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याचा जीव वाचतो, हे लक्षात ठेवा.

पण या युनियनला एक काळी बाजूही होती. तिच्या दारात आशियाई माणसाला जागा नव्हती. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर १८९० च्या आसपासपासून पंजाबी माणसं होती. फेरीवाले, ऊसतोडे, जंगल साफ करणारे. नवे कायदे झाल्यावर नव्यांना येता येईना आणि आलेल्यांना बायका-मुलं आणणं वर्षानुवर्षं अवघड झालं. क्वीन्सलंडमध्ये तर १९१३ च्या एका कायद्याने गोरा नसलेल्या माणसाला ऊसशेती करायला श्रुतलेखनाची परीक्षा लावली. परीक्षा कसली, नापास करण्याचा बहाणा. अधिकारी म्हणेल त्या भाषेत लिहून दाखवा. देशात येणाऱ्यांनाही अशीच परीक्षा होती, ती १९५८ साली रद्द झाली.

या पंजाब्यांनी काय केलं? उसातून केळीत गेले. १९४० च्या दशकात वुलगुल्ग्याच्या डोंगरउतारांवर आधी मजूर म्हणून राबले, मग खंडाने जमीन घेतली, मग विकत घेतली. १९६८ साली ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा उभा राहिला तो सिडनीत किंवा मेलबर्नमध्ये नाही, या वुलगुल्ग्यात. केळी मागे पडली तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी ब्लूबेरी लावली. आज तिथे फळं तोडायला येणाऱ्या तरुणांना कामावर ठेवणारा मालक बऱ्याचदा शीख असतो. शंभर वर्षांत मजुराचा मालक झाला. का झाला? कारण कायद्याने कितीही अडवलं तरी तो करारात बांधलेला नव्हता. एक मळा सोडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होता, आणि चार पैसे गाठीला बांधू शकत होता.

तिसरा टप्पा यंत्राचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ऊस कापणारी यंत्रं आली. बंडाबर्गमध्येच ती बनू लागली. १९७० च्या दशकात हाताने ऊस कापणं ऑस्ट्रेलियातून जवळजवळ संपलं. उरलं काय? जे यंत्राला नीट जमत नाही ते. आंबा, केळी, टोमॅटो, स्ट्रॉबेरी. नाजूक माल, थोड्या दिवसांचा हंगाम. पिकलं की आजच तोडायचं, उद्या सडतं. फौजेत रसदीचं काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. चार आठवड्यांसाठी शंभर माणसं हवीत आणि पाचव्या आठवड्यात एकही नको. अशी माणसं गावात सापडत नाहीत.

ती सापडली पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या परदेशी पोरांमध्ये. १९७५ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांसाठी 'वर्किंग हॉलिडे' सुरू झाली. कल्पना अशी की पोरं देश बघतील आणि जमलं तर काम करतील. पुढे देश वाढत गेले. पण खरं वळण आलं २००५ च्या नोव्हेंबरमध्ये. सरकारने सांगितलं, शहराबाहेर शेतीसारख्या ठरावीक कामांत ३ महिने राबलात तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळेल. मोजून ८८ दिवस. तेव्हापासून किनाऱ्यावर 'एटी-एट डेज' हा शब्द परवलीचा झाला. २०१९ पासून आणखी ६ महिने काम केलं तर तिसरं वर्षही मिळू लागलं.

हे काम कसं असतं? गंमत वाटू देऊ नका. आंब्याचा चीक उडाला तर कातडी भाजते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. स्ट्रॉबेरीला दिवसभर वाकून राहायचं. टलीला केळीचा घड खांद्यावर घ्यायचा, तो पन्नास किलोचाही निघतो, आणि खाली चिखल. टली हे देशातल्या सर्वांत पावसाळी गावांपैकी एक. काम पहाटे सुरू होतं आणि पाऊस आला की बंद. काम बंद, मजुरीही बंद.

राहायचं कुठे? शेतगावांत 'वर्किंग हॉस्टेल' असतात. एका खोलीत सहा-आठ खाटा, भाडं आठवड्याचं आणि बहुधा आगाऊ. हॉस्टेलचा मॅनेजरच शेतकऱ्याशी बोलून काम मिळवून देतो. म्हणजे काय झालं? आपल्या भाषेत तो मुकादम झाला. काम नसलं तरी भाडं चालूच. भाडं थकलं की पोरगं अडकलं. अशा हॉस्टेलांचा विषय निघाला की बंडाबर्गजवळच्या चिल्डर्स गावाचं नाव येतंच. २३ जून २००० च्या पहाटे तिथलं पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेल जळलं. एका माणसाने आग लावली होती. फळं-भाज्या तोडायला आलेली १५ पोरं गेली. ब्रिटनचे सात, ऑस्ट्रेलियाचे तीन, नेदरलँड्सचे दोन, आयर्लंड, जपान आणि कोरियाचं एकेक. धुराची सूचना देणारी यंत्रणा चालू नव्हती, खिडक्यांना गज होते, एका दारापुढे खाट होती. आग लावणारा एकच होता. पण बाहेर पडायची वाट आधीच बंद झाली होती. माझा तिसरा प्रश्न काही वेळा असा शब्दशः विचारावा लागतो.

आणि सही. ८८ दिवस भरले याचा पुरावा मालक देणार. मग काही मालकांनी आणि दलालांनी त्याचा फायदा घेतला. पगार कमी दिला, नगावर दिला, कुठे मुलींना नको ते सोसावं लागलं. तक्रार केली तर पुरावा मिळणार नाही, ही भीती. कायद्याने मालक सोडता येत होता, पण दिवसांचा हिशेब अडकलेला. मी याला नव्या जमान्यातली उचल म्हणतो. पैसा आधी घेतलेला नाही, पण पुढचा व्हिसा दुसऱ्याच्या मुठीत आहे. २०१५ च्या डिसेंबरपासून पगाराच्या पावत्या पुरावा म्हणून मागायला लागले, तेव्हा ही मूठ थोडी सैल झाली.

मग आला कोविड. मार्च २०२० मध्ये सीमा बंद. पोरं मायदेशी गेली, नवी येईनात, आणि फळं झाडावर राहिली. देशाला पहिल्यांदा कळलं की आपली टोपली कोण भरतं. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, नगावर मजुरी देणाऱ्यांनाही तासाचं किमान वेतन बंधनकारक झालं. निकाल २०२१ च्या नोव्हेंबरमधला, अंमल २८ एप्रिल २०२२ पासून. तुम्ही हळू तोडलंत तरी तासाचं किमान मिळणारच. हा दावा कोणी लढवला माहीत आहे? ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने. तीच, जिच्या दारात एकेकाळी आशियाई माणसाला जागा नव्हती. आता ती ज्यांच्यासाठी लढली त्यात तैवानी, कोरियन, सगळेच होते. संस्थाही सुधारतात.

दुसरी गोष्ट, वानुआतू आणि इतर बेटांवरून पुन्हा मजूर येऊ लागले. तशी सुरुवात २००८ पासूनच होती, पण कोविडनंतर त्यांच्यावरची भिस्त वाढली. तीच बेटं, तोच किनारा. या वेळी कायदा आहे, किमान वेतन आहे, परतीचं तिकीट आहे. पण पुन्हा एकदा त्यांचा व्हिसा ठरलेल्या मालकाशी बांधलेला असतो. गोखल्यांचा दुसरा प्रश्न तिथे आजही अडकतो.

आणि एक नवी गंमत. १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना हे ८८ दिवस माफ झाले. त्यांना शेतात न जाता तिन्ही वर्षं मिळतात. भारतीयांना ती माफी नाही. तेव्हा ते ८८ दिवस आता जास्त करून आशियातल्या आणि इतर देशांतल्या पोरांच्या वाट्याला येणार. इतिहासात टोपली एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तशी ती आता आपल्या मुलांकडे सरकते आहे.

आता घराकडे बघू, नाहीतर परदेशाला नावं ठेवणं फार सोपं असतं.

ऑस्ट्रेलियाने हाताने ऊस कापणं पन्नास वर्षांपूर्वी बंद केलं. महाराष्ट्रात अजूनही बराचसा ऊस हातानेच तुटतो. सहकारी साखर कारखान्यांचा पाया १९५० मध्ये प्रवरानगरला घातला गेला, ती आपली मोठी कमाई आहे. पण फडात कोण उतरतं? बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतली जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, चार हात, आणि हिशेबात एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देतो आणि ती फेडेपर्यंत फड सोडता येत नाही. वेठबिगारी आपण १९७६ च्या कायद्याने बंद केली. पण उचल फिटेना आणि दुसरीकडे जाता येईना, याला काय म्हणायचं? कामाचा दिवस बुडू नये म्हणून बीडच्या बाया गर्भाशय काढून घेतात, या बातम्यांनंतर २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

इथे छत्तीसगडमध्ये धान कापून झालं की गावंच्या गावं 'कमाए-खाए' बाहेर पडतात. वीटभट्ट्यांवर जातात, दूरच्या राज्यांत जातात. ग्रामपंचायतीत त्यासाठी 'पलायन पंजी' नावाची वही असते. जाणाऱ्याचं नाव, कुठे जातो, कोणासोबत जातो. १९७९ चा परराज्यातल्या मजुरांसाठीचा कायदाही होता. वही भरली जाते का, हा खरा प्रश्न. आणि शहरात मजूर सकाळी जिथे उभे राहतात त्या जागेला इथे काय म्हणतात? चावडी. आपलाच शब्द. आपल्या गावात चावडीवर न्याय व्हायचा, इथे चावडीवर दिवसाचा भाव ठरतो. सुपेल्याच्या आकाशगंगा मंडईत सकाळी टोमॅटोचे क्रेट उतरतात, त्यातले कितीतरी धमध्याकडचे. ते तोडणाऱ्या बहुतेक बायाच. छत्तीसगडात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला २६१ रुपये होती. ऑस्ट्रेलियात जुलै २०२५ मध्ये किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर होतं, म्हणजे तेव्हाचे साधारण तेराशे-चौदाशे रुपये, आणि हंगामी कामगाराला त्यावर आणखी २५ टक्के. महागाई धरा, खोलीचं भाडं धरा, तरी हे अंतर मिटत नाही.

म्हणून मी त्या वडिलांना सांगितलं, की पोराला शेतात काम करायची लाज वाटत नाही याचा आधी आनंद माना. टोमॅटो तोच आहे. धमध्यात तोडला तर कमीपणा आणि बोवेनमध्ये तोडला तर फोटो, हा फरक टोमॅटोचा नाही, मजुरीचा आणि मानाचा आहे. तिकडे मजुराला 'नाही' म्हणता आलं, संप करता आला, मत देता आलं, म्हणून तिकडच्या कामाला भाव आला. तो मान कुणी दान केलेला नाही.

आणि मुलाला तीन गोष्टी सांगितल्या. त्या सगळ्यांसाठी सांगतो.

एक, सोडतीची नोंदणी स्वतःच्या हाताने करा. नंबर लावून देतो म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. सोडत म्हणजे सोडत, तिथे कोणाची ओळख चालत नाही. अटी स्वतः वाचा. हा गोखल्यांचा पहिला प्रश्न.

दोन, पगाराची पावती आठवड्याच्या आठवड्याला घ्या आणि आपल्या तासांची नोंद आपल्या वहीत ठेवा. हॉस्टेलचं भाडं एकदम महिन्याचं भरू नका. जो मालक पावती देत नाही, त्याचं शेत त्याच दिवशी सोडा, मग ८८ पैकी कितीही दिवस बाकी असोत. हा दुसरा प्रश्न.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. कर्ज काढून जाऊ नका. दागिने गहाण टाकून, व्याजाने पैसे उचलून गेलात, तर विमानात बसण्याआधीच तुम्ही उचल घेतली. मग तिथे कायदा कितीही चांगला असला तरी तुम्हाला मालक सोडता येणार नाही, कारण घरी हप्ता थांबलेला नसेल. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका. घरात तेवढी शिल्लक नसेल तर दोन वर्षं इथे नोकरी करा, साठवा, वय तीसपर्यंत आहे. हा तिसरा प्रश्न.

वडिलांनी विचारलं, एवढं सगळं पाळलं तर जाऊ देऊ का? मी म्हटलं, जाऊ द्या. आणि तो परत आला की त्याला सोबत घेऊन धमध्याच्या एखाद्या टोमॅटोच्या शेतावर जा. तोडणाऱ्या बाईला विचारा: मजुरी किती ठरली, कोणी ठरवली आणि उद्या दुसरीकडे गेलीस तर चालेल का? उत्तर ऐकून जो राग येईल, तो जपून ठेवा. तो गोखल्यांना १९१२ साली आला होता.

पुढच्या भागात वेलर घोड्यांची गोष्ट सविस्तर सांगणार आहे. तोपर्यंत आज्ञा द्या. जय हिंद, जय जोहार.